काचेच्या तळाची होडी

आयोनी फेसीला समुद्राची भीती वाटते, हे पेलिकन बे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. घर किनाऱ्यापासून चारशे पावलांवर, नोकरी किनाऱ्यावरच्याच हॉटेलात, आणि तरी चाळीस वर्षांत तिनं समुद्रात पायाचा अंगठासुद्धा बुडवला नव्हता. मासे घ्यायला यायची तीही वाळूच्या वर रस्त्यावरच उभी राहायची आणि तिथून हाक मारायची. कोळी हसत हसत मासा घेऊन वर यायचे.

"मिस आयोनी, पाणी झोपलंय आज. या की खाली."

"झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीवर पाय द्यायची मला हौस नाही," ती म्हणायची.

भीती उगाच नव्हती. ती मूळची बेटाच्या दक्षिण किनाऱ्याची. अठरा वर्षांची असताना तिचा बाप आणि थोरला भाऊ एका मंगळवारी पेड्रोच्या उथळ बेटांकडे मासेमारीला निघाले. हवा चांगली होती. बाराव्या दिवशी शेजारच्या गावच्या वाळूवर त्यांची बर्फाची पेटी येऊन लागली. झाकणावर भावानं निळ्या रंगात काढलेली आपल्या नावाची अक्षरं, आणि आत पिशवीत घट्ट बांधलेल्या, कसावा कंदाच्या पिठाच्या दोन भाकऱ्या, न खाल्लेल्या. तेवढंच परत आलं. आई त्या पेटीला शिवायला तयार होईना. आयोनीनंच ती धुऊन उन्हात पालथी घातली.

त्या वर्षाअखेर ती उत्तरेला मावशीकडे आली आणि तिथं सीबर्ट फेसी तिच्या मागं लागला. तोही कोळ्याचाच मुलगा. तिनं एकच अट घातली, होडीत पाय टाकायचा नाही. सीबर्टनं बापाची होडी चुलतभावाला, आल्व्हाला देऊन टाकली आणि हातात गवंड्याची थापी घेतली. पुढं हॉटेल उभं राहत होतं तेव्हा त्याच्या कुंपणाची समुद्राकडची भिंत त्यानंच बांधली. भिंत पुरी झाली आणि गावाला त्या वाळूवर जायची बंदी झाली. "मीच मला बाहेर बांधून घेतलं," असं तो लोकांना सांगायचा, हसून, पण दर वेळी.

आयोनी मात्र भिंतीच्या आत होती. एकतीस वर्षं तिनं हॉटेलच्या धुलाईघरात काढली, परदेशी पाहुण्यांच्या चादरी आणि टॉवेल झटकत. ती निवृत्त झाली तेव्हा हॉटेलनं तिला भेट दिली ती जोडप्यानं तीन दिवस पाहुणे म्हणून राहण्याची. खाणं, पिणं, खेळ, सगळं त्यातच.

पहिल्या दिवशी मनगटाला पाहुण्यांची रंगीत पट्टी बांधून ती खोलीत बसली ती उठेचना. कोणीतरी येऊन विचारेल, तू इथं काय करतेस, अशी धास्ती. सकाळी तिनं पलंग स्वतःच नीट केला, वापरलेले टॉवेल घडी करून दाराशी ठेवले. न्याहारीला अकीच्या फळांची भाजी आणि खारा मासा वाढताना शार्लीन नावाची वाढपीण तिच्या कानाशी म्हणाली, "मिस आयोनी, ताट उचलून आत आणलंत तर बघा. माझी नोकरी घालवाल."

सीबर्टला मात्र आपण इथलेच वाटत होतं. दोन वेळा भिंतीवर हात फिरवून आला. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"आयोनी, तीन वाजता काचेच्या तळाची होडी सुटते. आपण जाऊ."

"तू जा. मी इथून बघते."

"तू बघणार नाहीस. डोळे मिटून बसशील आणि मी परत येईपर्यंत उपाशी राहशील. ऐक, किनाऱ्यासमोरच्या प्रवाळ खडकाच्या रांगेच्या आतच फिरते ती. कमरेएवढं पाणी. चौतीस वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलंय?"

तिनं आठवून पाहिलं. खरंच मागितलं नव्हतं. ती उठली.

होडी चालवणारा केमार तिशीतला, तिच्याच गल्लीतला. त्यानं तिला हात धरून चढवलं. त्यांच्याशिवाय कॅनडाचं एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं, लिंडसी आणि तिचा नवरा. होडीच्या मधोमध, तळाला, दाराएवढी काच बसवलेली. दोन्ही कडांना बाकं. सगळे वाकून मासे पाहत होते. आयोनीनं कठडा धरून वरच्या कापडी छपराकडे नजर लावली. छपराला एक शिवण उसवलेली होती. ती तिचे टाके मोजत राहिली.

काही वेळानं होडीचं डोलणं बदललं. आधी ती नुसती थरथरत होती. आता खालून कोणीतरी सावकाश उचलून सावकाश सोडत होतं.

"केमार, होडी अशी का डोलते?"

"काही नाही, मिस आयोनी. या दोघांना कासव बघायचंय. खडकाच्या जरासे बाहेर आलोय."

सीबर्टचा हात तिनं इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली.

"परत फिरव."

"दोनच मिनिटं."

दोन मिनिटं झालीच नसतील. समोरून तपकिरी समुद्री गवताचा मोठा तवंग वाहत आला, वादळानंतर मैलच्या मैल येतो तसा. केमारनं वळवायला बघितलं, पण होडी त्यात शिरलीच. इंजिन खोकलं, त्यातून जळका वास आला आणि ते बंद पडलं.

इंजिनाचा आवाज थांबल्यावर पाण्याचा आवाज ऐकू आला. आयोनीला तो आधी कळलाच नव्हता. मागं, किनाऱ्याच्या बाजूला, लाटा खडकावर फुटत होत्या, आणि वारा त्यांना नेमका तिकडेच ढकलत होता.

केमारनं दोरी ओढली, पुन्हा ओढली. इंजिन उचलून दोन्ही हातांनी गवत उपसलं. फोनवर बोलला आणि त्याचा चेहरा बदलला. "अर्ध्या तासात दुसरी होडी पाठवतायत."

"अर्धा तास नाहीये आपल्याकडे," सीबर्ट म्हणाला. "नांगर टाक."

नांगर टाकला, पण दोरी तळाला पुरली नाही. तो लोंबकळत राहिला आणि होडी मागं सरकत राहिली. लिंडसीनं विचारलं, हे नेहमी असं होतं का. केमार पुन्हा इंजिनाची दोरी ओढू लागला.

आयोनीची नजर तेव्हा खाली गेली. छपराकडे बघवेना आणि लाटांकडेही बघवेना, म्हणून गेली. काचेखाली गर्द निळं, तळ नसलेलं पाणी होतं. तिला वाटलं, बाप आणि भाऊ इथंच कुठंतरी उभे असतील, मान वर करून. मग निळ्याचं हिरवं झालं. हिरव्यात एक काळी सावली आली, ती वर वर येऊ लागली, तिच्यावर हरणाच्या शिंगांसारखे फाटे दिसू लागले. खडक तिच्याकडे चढून येत होता. तिनं नुसतं बोट दाखवलं.

धडक बसली. सगळे बाकावरून खाली आले. काचेत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला, आणि तड्यातून पाणी आधी झिरपलं, मग कारंज्यासारखं वर उडालं. चाळीस वर्षांनी समुद्र तिच्या अंगावर आला. तो कोमट होता. हे तिला पुढं कित्येक दिवस आठवायचं, की तो इतका कोमट होता.

केमार जागच्या जागी खिळला होता. सीबर्टनं त्याच्या हातातलं वल्हं हिसकावलं, दुसरं लिंडसीच्या नवऱ्याला दिलं. "तू त्या बाजूनं रेट. केमार, पाणी उपस. आयोनी, भोक बंद कर."

कशानं, असं तिनं विचारलं नाही. बाकाखाली टॉवेलांची चळत होती. तिनं स्वतः धुतलेले, जाड. टॉवेल कसा पिळायचा हे हातांना तिला विचारायची गरज नव्हती. तिनं दोन टॉवेल पिळून दोरीसारखे वळले, तड्यावर दाबले, वर आणखी चार घड्या ठेवल्या, त्यावर जास्तीचं एक लाइफ जॅकेट, आणि त्या सगळ्यावर ती बसली. शरीरानं ती भक्कम होती. पाणी थांबलं नाही, पण कारंजं थांबलं. बुडाखाली काच कुरकुरत होती. प्रत्येक लाटेला तिला वाटायचं, आता. आता ही जाणार, आणि मी सरळ खाली. ती देवाचं नाव घेत होती, पण मधले शब्द विसरत होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. लिंडसी येऊन तिच्याशेजारी टेकली आणि तिनंही आपलं वजन त्यावर टाकलं. दोघींनी एकमेकींचे हात धरले. लिंडसीचे हात बर्फासारखे होते.

"खाली बघू नको, पोरी," आयोनी म्हणाली. "माझ्याकडे बघ."

सीबर्ट उभा राहून खडकाची रांग न्याहाळत होता. फेसाची एकच पांढरी भिंत दिसत होती. "डावीकडे," तो ओरडला. "तो तपकिरी डाग दिसतोय ना, त्याच्या डावीकडे वाट आहे."

"वाट उजवीकडे आहे, मिस्टर सीबर्ट," केमार म्हणाला. "माझे काका तिथूनच जायचे."

"ती मागच्या वादळात बुजली. आता डावीकडून जातो आम्ही. रेटा."

पुढची पाच-सात मिनिटं आयोनीनं कोणाला कधीच नीट सांगितली नाहीत. होडीच्या दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, तळाला खडक खरवडत होता, सीबर्ट वल्ह्यानं खडकाला ढोसून होडी सारखी सरळ करत होता. एका लाटेनं त्यांना उचललं, आणि मग एकाएकी सगळं शांत झालं. ते आतल्या सपाट पाण्यात होते. गुडघाभर पाणी होडीत घेऊन ते कोळ्यांच्या किनाऱ्याला लागले. आल्व्हा आणि आणखी तिघं पाण्यात धावत आले. त्यांनी आयोनीला उचलायला हात पुढं केले, पण ती टॉवेलांवरून उठेना. सीबर्टनं तिची बोटं एकेक करून सोडवली.

हॉटेलची माणसं गाडी घेऊन आली, चौकशी केली, आणखी दोन दिवस राहा म्हणाली. लिंडसी तिच्या गळ्यात पडून रडली. केमार मान खाली घालून उभा होता. आयोनी त्याला एवढंच म्हणाली, "आईकडे जा. दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत."

मग ती आणि सीबर्ट दोघंच वाळूवर राहिले. तिचा झगा अंगाला चिकटला होता, दात अजून वाजत होते.

"'आम्ही'," ती म्हणाली. "'आता डावीकडून जातो आम्ही.' आम्ही कोण?"

सीबर्टनं पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरली. "मी आणि आल्व्हा."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली. फक्त शनिवारी."

"शनिवारी तू डॉमिनो खेळायला जातोस."

"डॉमिनो मला नीट येतसुद्धा नाही, आयोनी."

अकरा वर्षांचे शनिवार तिच्या डोळ्यांपुढून गेले. ती निवांत चादरी धूत होती, वाटाणा-भात शिजवत होती, गाणं गुणगुणत होती, आणि तो तिकडं, त्या फेसापलीकडं. त्या अकरा वर्षांत वाटायची राहिलेली भीती तिला आता एकदम सगळी वाटली.

"सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस," तो हळू म्हणाला. "आणि आज मला ती वाट ठाऊक नसती."

"मला हे ऐकवू नकोस. आत्ता तरी नको."

हॉटेलातून त्यांनी त्याच संध्याकाळी सामान आणलं. तीन दिवस तिनं त्याच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, भांडी पुसताना ती म्हणाली, "उद्या जाणार आहेस?"

"नाही. सोडलं मी."

"खोटं बोलू नकोस. पुरे झालं ते. जाणार असशील तर मला सांगून जा. कुठं जाणार, परत किती वाजता येणार."

"तू घाबरून अर्धी होशील."

"होऊ दे. भीती माझी आहे, मी बघेन तिचं काय करायचं ते. फसवून ठेवलेली शांती मला नको."

तो पहाटे सांगून गेला. खडकाच्या पश्चिमेला, अकरापर्यंत परत. आयोनीनं घरातला प्रत्येक पडदा काढून धुतला. नऊ वाजता तेच पडदे तिनं पुन्हा घासायला घेतले. सीबर्ट दहालाच आला, अंगात नारिंगी लाइफ जॅकेट घालून, दोनच मासे घेऊन. मागून आल्व्हा कुरकुरत होता, की याच्या बायकोपायी आज धंदा बुडाला.

तिनं मासे साफ केले, तळले, वर कांदा आणि तिखट मिरच्यांचं व्हिनेगर घातलं. सीबर्टनं काटेसुद्धा चोखले. तिनं आपला मासा ताटात तसाच ठेवला. पुढच्या शनिवारी मात्र तिनं अर्धा मासा खाल्ला.