ब्रिस्बेनच्या कोचची चौकशी

ऑस्ट्रेलियात एखाद्या सभेत नको त्या वेळी मान डोलावली की माणूस सेक्रेटरी होतो. माझं तसंच झालं. लेकीच्या युनिच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, बेसबॉल क्लबच्या वार्षिक सभेला मी तिला घरी न्यायला म्हणून गेले आणि बाहेर पडले ती क्लबची सेक्रेटरी होऊन. बेसबॉलमधलं मला तेव्हा एवढंच कळत होतं की पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, सगळा खेळ त्याच्यापासून सुरू होतो, आणि आमची लेक पिचर आहे. पण कामं वेळेवर करायचा मला सोस आहे, आणि दुसऱ्यांकडून ती करून घ्यायचा त्याहून जास्त. वर्षभरात क्लबमधले सगळे मला थोडे वचकून राहायला लागले. मला ते आवडत होतं.

सिडनीत दुसरं, लांबलेलं लॉकडाउन लागलं त्या हिवाळ्यात आमचे जुने हेड कोच क्वीन्सलँडला नातवंडांजवळ राहायला निघून गेले. राज्याची बॉर्डर बंद व्हायच्या जेमतेम आत पोचले म्हणे. सीझन उन्हाळ्यात सुरू होणार होता, मैदानांना कुलपं होती आणि टीमला कोच नव्हता.

मी तेव्हा वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्ट करत होते. स्वॅबचे ट्रे संपतच नसत. आमच्या क्वेकर्स हिलच्या घरात नवऱ्याचं ऑफिस बेडरूममध्ये, लेकीची युनि तिच्या खोलीत आणि तिचं बेसबॉल गॅरेजमध्ये. जुनी गादी भिंतीला टांगून ती त्यावर चेंडू मारत बसायची. धप्, धप्, धप्. नवऱ्याच्या मीटिंगमध्ये लोक विचारायचे, घराचं काम काढलंय का? तो म्हणायचा, हो, काढलंय, कधी संपेल सांगता येत नाही.

मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की कुकर ती डाव्या हाताने उचलते आहे. दुसऱ्या दिवशी केस डाव्या हाताने विंचरताना दिसली. मी विचारलं, "हात दुखतोय का गं?"

"इट्स फाइन, आई."

परत विचारलं, परत फाइन. डॉक्टरची फोनवर अपॉइंटमेंट घेतली, त्यांनाही हिने फाइनच सांगितलं. फोनवरून कोपर दिसत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीला उचलून तपासायला नेता येत नाही, आणि रागावलं तर गॅरेजचं दार आतून लागतं. तेव्हा टीमला कोच हवा होता हे खरंच, पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होती. जो येईल त्याच्या ताब्यात माझ्या मुलीचा हात जाणार होता, आणि तिचा हात थांबवू शकेल असा माणूस मला हवा होता.

निवड समितीत आम्ही पाच जण. पहिल्याच झूमला मी रीतसर सांगितलं की माझी मुलगी टीममध्ये आहे, तर मी बाजूला होऊ का? क्लबचे प्रेसिडेंट निवृत्त प्लंबर, तरुणपणी याच क्लबकडून खेळलेले. ते म्हणाले, "मेट, ज्याचं कुणी टीममध्ये नाही असा माणूस समितीत यायला तयार झालाय का कधी? नो वरीज. बस."

मी बसले.

अर्जांतून शेवटी दोन नावं उरली. एक आमचाच असिस्टंट कोच. तिशीतला, हसरा, मुलांचा लाडका. लॉकडाउनमध्ये एकटं राहणाऱ्या एका खेळाडूच्या दाराशी हा पीठ, दूध आणि बिस्किटं ठेवून आला होता. चांगला मुलगा, त्यात वादच नाही. लेकीचा तोच देव होता. जेवताना रोज त्याचा प्रचार चाले, आणि मी पोळ्या वाढत ऐकून घ्यायचे. दुसरा ब्रिस्बेनचा, पन्नाशीतला. बायकोला सिडनीत नोकरी मिळालेली, म्हणून इकडे येणारा. त्याने रेफरन्ससाठी तीन नावं दिली होती. प्रेसिडेंटनी तिघांना फोन केले आणि तिघांनीही त्याचं कौतुक केलं. झाली म्हणे चौकशी.

याला चौकशी म्हणतात? मला हसूच आलं. आमच्या घरात स्थळांच्या चौकशीचं खातं माझ्या काकूकडे होतं. मुलाकडच्यांनी दिलेल्या नावांना ती कधी विचारायचीच नाही. ती नावं चांगलंच बोलणार, त्यासाठीच तर दिलेली असतात. काकू खालच्या मजल्यावरच्या बाईंना गाठायची, ऑफिसच्या शिपायाला गाठायची, आणि तिथून येताना ज्या तक्रारी घेऊन यायची त्यांवर आमच्या घरात लग्नं ठरली. ज्या मुलाबद्दल कुणाची काही तक्रारच नाही ते स्थळ तिला संशयास्पद वाटायचं. माझंही तिनेच ठरवलं. "मुलगा फार कमी बोलतो" अशी शेजाऱ्यांची तक्रार होती. आज बेडरूममध्ये मीटिंगा घेतो आहे तोच तो.

मी महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, ब्रिस्बेनमध्ये कुणाच्या ओळखीत बेसबॉल खेळणारी मुलं आहेत का? आधी दोन क्रिकेट अकादम्यांचे नंबर आले. मग मोदकांची ऑर्डर कुणाकडे द्यायची यावर बरीच चर्चा झाली. संध्याकाळी एकीने तिच्या नणंदेच्या मैत्रिणीचा नंबर पाठवला. ही ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला राहणारी, मूळची ठाण्याची, आणि तिचा मुलगा याच कोचच्या हाताखाली खेळलेला.

मी फोन लावला, ओळख सांगितली आणि सवयीने थेट मुद्द्यावर आले. माणूस कसा आहे? स्वभाव? तापट आहे का? पितो का? घरचं कसं आहे?

मग ती जपून म्हणाली, "अहो, पण त्याचं लग्न झालंय. आणि वयाने बराच मोठा आहे. मुलगी तुमचीच का?"

मी इतकी हसले की नवरा मीटिंग म्यूट करून बाहेर आला. तिला सगळं समजावलं. मग तीही हसली, अहो-जाहो गेलं, आणि त्यानंतर जी सुटली ती सुटलीच.

"अगं काय सांगू तुला, माझ्या मुलाला त्याने अख्खा सीझन बसवला. म्हणे एल्बो. थोडंसं दुखत होतं गं, आइस लावला की जायचं. मुलगा रडला, मी रडले. भांडायला गेले तर शांतपणे ऐकून घेतो सगळं. चहा विचारतो. आणि शेवटी करतो ते स्वतःचंच."

"मग?"

"मग नवऱ्याला घेऊन गेले. ढिम्म. नवऱ्यालाही चहा."

"आणि मुलगा आता?"

"आता काय, टाकतोय. दुखतबिखत नाही. पण सीझन गेला ना त्याचा. मी नाही माफ केलं त्याला, खरं सांगते. तू नको बाई घेऊस."

मी तिचे मनापासून आभार मानले. फोन ठेवला तेव्हाच माझं मत ठरलं होतं. याहून चांगलं प्रशस्तिपत्र त्या माणसाला त्याच्या आईनेही दिलं नसतं.

तरी मुलाखतीत मी दोघांना एकच प्रश्न विचारायचा ठरवला. तुमचा सगळ्यात चांगला पिचर म्हणतो हात ठणठणीत आहे, त्याची आई म्हणते नाही. तुम्ही कुणाचं ऐकाल?

असिस्टंट प्रसन्न हसला. "मुलाचं. आपला हात आपल्यालाच कळतो. विश्वास टाकला तर मुलं खरं बोलतात." सगळ्यांनी माना हलवल्या. बोलला तो मनापासून, आणि तो जरा लबाड असता तर मला सोपं गेलं असतं.

ब्रिस्बेनवाल्याचा कॅमेरा नीट होता, चेहरा मात्र अजिबात हसरा नव्हता. तो म्हणाला, "दोघांचंही नाही. मी त्याला टाकायला लावून बघेन. शंका आली तर थांबवेन. तो चिडेल. चिडू दे." मग त्याने उलट आम्हालाच विचारलं, "तुमची मुलं सध्या घरी किती चेंडू टाकतायत?" आम्ही पाचही जण आपापल्या चौकोनात कागद चाळायला लागलो. त्याने एवढंच म्हटलं, "हं." त्याची बोलण्याची पद्धत कुणालाच आवडली नाही. प्रेसिडेंट तर नंतर म्हणाले, हा माणूस स्वतःच्या लग्नातसुद्धा असाच उभा राहिला असेल.

मतं झाली. दोन इकडे, दोन तिकडे. सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हणजे झूमवर जितकं बघता येतं तितकं.

मी म्हणाले, "ब्रिस्बेनमधली एक आई या माणसावर अजून चिडलेली आहे. त्याने तिच्या मुलाचा हात वाचवला आणि तिची नाराजी सहन केली. माझं मत त्याला. आणि उद्यापासून माझी मुलगीही माझ्यावर चिडणार आहे, हे तुमच्या माहितीसाठी."

प्रेसिडेंट म्हणाले, "फेअर इनफ."

लेकीपासून मी काही लपवणार नव्हते, पण मी सांगायच्या आत तिला टीमच्या ग्रुपवरून कळलं. मी शिफ्टहून येऊन, अंघोळ करून स्वयंपाकघरात आले तर ती ओट्याला टेकून उभी.

"यू पिक्ड हिम."

"हो."

"माझ्याशी बोललीसुद्धा नाहीस. इट्स माय टीम, आई. नॉट युअर्स."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"आय वुड हॅव सेड आय'म फाइन."

"म्हणूनच."

ती तडक निघून गेली. थोड्या वेळाने गॅरेजमधून धप् ऐकू आलं. नेहमीपेक्षा जोरात. नवरा माझ्याकडे बघत म्हणाला, "जरा सांभाळून घ्यायचं होतंस." मी म्हटलं, सांभाळतेच आहे. मला वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं, पण मत बदलावं असं एकदाही वाटलं नाही. चारपाच दिवस घरात तिचं माझ्याशी फक्त मीठ आणि वायफाय या विषयांवर बोलणं झालं.

नव्या कोचची पहिली टीम मीटिंग झूमवर होती, दुपारी, इथल्या भाषेत आर्व्होला. मला त्या दिवशी सुट्टी होती. लेक डायनिंग टेबलवर लॅपटॉप घेऊन बसली, कारण तिच्या खोलीत वायफाय अडकत होतं. मी तिच्या मागे, ओट्याशी, मेथी निवडत होते. कोचने नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला नाही. स्वतःचं नाव सांगितलं आणि विचारलं, "कुणाकुणाचा हात दुखतोय?"

कुणीच हात वर केला नाही. वीसेक चौकोन, सगळे चेहरे ताजेतवाने. एकाने विनोद केला, कुणी हसलं नाही.

कोच म्हणाला, "ठीक आहे. मी थांबतो."

आणि तो खरंच थांबला. पुढचं काही बोलेना, कागद चाळेना, इकडेतिकडे बघेना. नुसता बसून राहिला. आम्हा लोकांना अशी शांतता झेपत नाही. कुणी तरी मध्ये पडून विषय बदलतं, नाही तर चहा टाकतं. मीच उठून काही तरी बोलेन की काय अशी मला भीती वाटली, म्हणून मी मेथीची जुडी घट्ट धरून ठेवली. एका मुलाने खुर्ची सरकवली. कुणाचा तरी कुत्रा भुंकून गप्प झाला. कोच तसाच बसलेला.

मग माझ्यासमोर लेकीचा उजवा हात हळूहळू वर गेला. डोक्यापर्यंत गेला आणि तिथे अडकला. बाकीचा सरळ करायचा ती प्रयत्न करत होती, पाठीवरून मला दिसत होतं, पण कोपर उघडतच नव्हतं. तेवढा वाकडा हात तिने तसाच वर धरून ठेवला.

"थँक यू," कोच म्हणाला. "आणखी?"

स्क्रीनवर एका कोपऱ्यातल्या चौकोनात एक हात वर आला. मग खाली दुसरा. मग कॅप्टनचा. एकेक करत हात वर येत राहिले.