बकारामजींचं देवधान

नव्याने आलेल्या माणसाला बकारामजी आधी पानाची पाठ दाखवत. चौऱ्याहत्तर साली मी कारकून म्हणून तलावावरच्या पाटबंधाऱ्याच्या कचेरीत रुजू झालो. लाखांदूरहून एसटीने उतरलो होतो आणि हातातली ट्रंक अजून खाली ठेवायची होती. तेवढ्यात ते मला विश्रामगृहाच्या उत्तरेकडच्या भिंतीपाशी घेऊन गेले. तिथल्या नेच्याचं एक लांब पान त्यांनी दोन बोटांवर उलटं धरलं आणि म्हणाले, "हे पाहा बाबू, याची लेकरं पाठीवर राहतात." पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या दोन रांगा होत्या. मी एकोडीच्या धानकऱ्याचा मुलगा. पानावर तपकिरी ठिपके म्हणजे रोग, एवढंच मला ठाऊक. "औषध मारा लवकर, नाहीतर सगळीकडे पसरेल," मी शहाणपणा शिकवला. बकारामजी हसले नाहीत. पान हळूच सोडून म्हणाले, "पसरलं पाहिजे म्हणून तं ठेवलं ना बापा."

ते विश्रामगृहाचे चौकीदार आणि माळी. गाव त्या विश्रामगृहाला 'बंगला' म्हणे. बकारामजी ढिवरांपैकी, निम्मं आयुष्य तलावात जाळं टाकण्यात गेलेलं. अंगाने काटक, बोलायला कमी, आणि साहेबासमोर उभं राहतानाही हातातलं खुरपं खाली न ठेवणारे. बंगल्यासमोर साहेबांच्या आवडीचे गुलाब आणि क्रोटन होते. तेवढी नोकरी ते इमानाने करत. त्यांची स्वतःची बाग मात्र बंगल्याच्या मागे होती आणि तिच्यात दाखवण्यासारखं एकही फूल नव्हतं.

भिंतीच्या सावलीत, मोरीचं पाणी झिरपायचं तिथे नेचे होते. काही नागझिऱ्याकडच्या नाल्यांतून आणलेले, तर काही जुन्या विहिरींच्या चिऱ्यांमधून सोडवलेले. विहिरीच्या ओल्या विटेवर नेचा आपोआप उगवतो, हे त्यांनी लहानपणी पाणी शेंदताना पाहिलं होतं. त्यावरून त्यांनी आपली रीत बसवली. पत्र्याच्या थाळीत पाणी, पाण्यात जुनी वीट, विटेवर पानाच्या पाठीची भुकटी झटकायची आणि वर कंदिलाची काच पालथी घालायची. महिना-दीड महिन्याने विटेवर हिरवी साय धरे, आणि त्या सायीतून नखाएवढं पान वर यायला आणखी कितीतरी दिवस लागत. मी रोज जाऊन विचारी, "आलं का?" ते म्हणत, "तुमी रोज नोको पाहू बाबू. त्याले लाज वाटते." पुढे खरंच पान आलं, तेव्हा मला बोलवायला ते कचेरीत आले. हातात रजिस्टर घेऊनच मी धावलो होतो.

नेच्यांच्या पुढे तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, गवतं. मागे उंच बोरू, मधे वाळा, पुढे लव्हाळा. फाल्गुनात ते वीतभर बुडखे ठेवून सगळं कापून टाकत. गवताचं एखादं थोंब फार दाट झालं, तर कुदळीने दुभागून अर्धं दुसरीकडे लावत. एकदा मी त्यांना चिडवलं, "बकारामजी, आमच्याकडे अख्खा श्रावण गवत उपटण्यात जातो आणि तुम्ही ते लावत बसता!" ते म्हणाले, "तुमच्या धानाले त्याचा तरास आहे. माह्यं काय धान आहे अठी?" पण संध्याकाळी पाळीवरून वारा आला की त्या गवतांजवळ बसून राहावंसं वाटे, आणि मी बसत असे. बदलीवर आलेल्या एकट्या माणसाला तेवढा आसरा पुष्कळ होता.

बागेच्या टोकाला, गळक्या नळाखाली त्यांनी एक चर खणला होता. त्यात नेहमी चिखल राही आणि चिखलात देवधान. तलावात आपोआप उगवणारं हे रानधान. त्याला लांब कुसळं येतात आणि दाणा पिकला की लगेच गळून पडतो. ऋषिपंचमीला बाया बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, म्हणून त्या दिवशी देवधानाच्या भाताला मान. बकारामजींची बायको अनसूया दरवर्षी कमरेएवढ्या पाण्यात उतरून, लोंब्या गळायच्या आत त्यांच्या जुड्या बांधी, ते धान वर्षभर मडक्यात ठेवी आणि ऋषिपंचमीच्या सकाळी गावातल्या बायांना मूठमूठ वाटी. मी तिला पाहिलं नाही. मी यायच्या आधीच तापाने गेली. ती गेल्यावर वाटण्याचं काम बकारामजी करू लागले. एरवी शेतकऱ्यांच्या बाया ढिवरांच्या मोहल्ल्यात कशाला जातील? पण त्या सकाळी सगळ्या त्यांच्या अंगणात येत, ओंजळ पुढे करत आणि "अनसूयाबाईच्या हातचं" असं म्हणून धान घेऊन जात. वर्षातून त्या एकाच दिवशी त्यांचं घर भरलेलं मी पाहिलं आहे.

पुढे तलावात गवत खाणाऱ्या माशाचं बीज सोडलं गेलं. मासा भराभर वाढतो, म्हणून ढिवरांनाही आनंद होता. बीजाचे डबे तलावात रिकामे करणाऱ्यांत बकारामजी स्वतः होते. तीन वर्षांत मासे हाताएवढे झाले आणि तलावातलं देवधान दिसेनासं झालं. "माह्याच हातानं सोडले," असं ते एकदाच म्हणाले. त्यानंतर चरातलं देवधान हेच काय ते उरलं, आणि नळ आटला तर ते तलावातून बादल्या भरून आणून चरात ओतत.

आता माझी करणी सांगतो. श्रावण होता. बकारामजींची एकुलती मुलगी यमुना कोंढ्याला दिलेली. तिच्या बाळंतपणासाठी ते चार दिवस गेले. नेमके त्याच आठवड्यात मोठे साहेब येणार असल्याचा निरोप आला. बकारामजींना बोल लागू नये म्हणून मी स्वतः धोतर खोचून बाग साफ करायला उतरलो. नेच्यांना हात लावला नाही, बोरू-वाळ्यालाही नाही. एवढी समज मला आली होती. पण चरात ते रानधान दिसलं आणि माझे हात आपोआप चालू लागले. आमच्या धानाच्या बांधीत हे शिरलं की धानाची नासाडी होते. सात वर्षांचा असल्यापासून मी ते बुडापासून उपटत आलो आहे, आणि माझ्या बापाने शेंड्याला धरून उपटल्याबद्दल मला बडवलंही आहे. हे तेच देवधान, याच्याच ओंजळी मी अंगणात पाहिल्या आहेत, हे डोक्यात आलंच नाही. बकारामजींना चरात पाणी ओतताना पाहिलं होतं, तरी ओंजळीतला दाणा आणि चिखलातलं पातं यांची मी कधी गाठच घातली नव्हती. अर्ध्या तासात चर स्वच्छ झाला. उपटलेलं सगळं पाळीवर उन्हात फेकलं आणि पाठ सरळ करून स्वतःवरच खूश झालो.

बकारामजी परतले ते नातू झाल्याचा गूळ घेऊन, आधी माझ्याकडे. मी तोंडात गूळ घोळवतच म्हणालो, "मागे जाऊन पाहा, सगळं साफ करून ठेवलंय." ते गेले. शाबासकीच्या आशेने मीही मागोमाग गेलो. ते चराकाठी उकिडवे बसून कोपरापर्यंत हात चिखलात घालून चाचपत होते.

"कोनं केलं?"

"मीच," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच मला कळलं.

"तुमी सोता?"

"हो."

त्यांनी माझे हात आपल्या हातात घेऊन उलटे केले. "कापले असतील बापा. त्याच्या पानाले लय धार राहते," ते म्हणाले. मग पाळीवर जाऊन वाळलेली एकेक काडी वेचली, संध्याकाळपर्यंत चरात परत लावली आणि पाणी घातलं. एकही जगली नाही.

तीन आठवड्यांनी ऋषिपंचमी आली. मडक्यात मागच्या वर्षीचं धान होतं. तेवढंच आता जगात उरलेलं. मी आदल्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन हात जोडले. "यंदा वाटू नका. बी ठेवा. पुढच्या वर्षी पेरू." त्यांनी मडकं पुसून दाराशी आणून ठेवलं. "चरातलं माह्यं होतं बाबू, ते गेलं. हे तिचं आहे. तिच्या नावानं बाया येऊन राहिल्या, अन् मी मडक्यावर झाकण ठेवून बसू काय?" दुसऱ्या दिवशी त्यांनी मडकं पालथं करून शेवटच्या बाईच्या ओंजळीत झटकलं. मला ते बघवलं नाही.

गळून पडलेला दाणा चिखलात दोन-दोन वर्षं निजून राहतो म्हणतात. त्या भरवशावर आम्ही दोघांनी तो चर ओला ठेवला. मी रविवारी सायकल काढून आसपासचे तलाव धुंडाळले. कुठे तोच मासा, कुठे पाणी ओसरताच नांगरलेली जमीन. चरात लव्हाळा उगवला, आणखी काहीबाही उगवलं; देवधान नाही. पुढच्या ऋषिपंचमीला बकारामजी सकाळीच अंघोळ करून अंगणात बसले होते. बाया आल्या नाहीत. या सगळ्यात त्यांनी मला एका शब्दाने दुखवलं नाही, आणि गावातली माणसंही माझ्याशी पूर्वीइतक्याच मायेने बोलत राहिली. गावाला काही कळलेलं दिसत नाही, असं मानून मी भित्र्यासारखा गप्प राहिलो. ब्याऐंशी साली माझी बदली झाली.

तीन वर्षांनी बकारामजी गेल्याचं कळलं. मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस उलटला होता. अंगणात यमुना आणि मोहल्ल्यातल्या दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. बोलता बोलता देवधानाचा विषय निघाला. यमुना म्हणाली, "बाबानं साऱ्याइले सांगतलं होतं, बंगल्यात गाय शिरली अन् खाऊन गेली."

हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. त्या अंगणात मला बसवेना. "गाय नव्हती, यमुना," मी म्हणालो. "मी उपटलं ते. माझ्या हातांनी."

कुणीच दचकलं नाही. यमुनाने बिनदुधाच्या चहाची कपबशी माझ्यापुढे सरकवली.

"मालूम आहे बाबूजी. साऱ्या गावाले मालूम होतं. बाबा कोंढ्याले आले तवा फाटकाले कुलूप होतं अन् चाबी तुमच्यापाशी. गाय कोठून शिरन? पन बाबानं गाय म्हटलं, तं आमी बी गायच म्हटलं."

तो चहा मी कसा प्यायलो, ते माझं मला ठाऊक.