काटेरी फुग्यातली आमटी

तुम्ही बोलायला लागलात की तो बोटाने तुमच्या डोक्यावर हवेत कॉमिक्समधल्यासारखा फुगा काढायचा. चिडलात तर काटेरी, कुजबुजलात तर तुटक रेघांचा. "शब्द मागाहून, अम्मो. आधी फुगा." अम्मो म्हणजे अरबीत काका, म्हणजे मी.

२०२० मध्ये मी आयर्लंडमधल्या नावनला लेकीकडे आलो आणि लॉकडाऊनमध्ये अडकलो. लेक हॉस्पिटलात डॉक्टर. जावई घरून काम करायचा आणि स्वयंपाकही तोच. कुंपणापलीकडे हा बैरुतचा चित्रकार एकटा राहायचा. जावई रोज त्याला कुंपणावरून आमटीचं भांडं द्यायचा. तो ती मिटक्या मारत प्यायचा.

बैरुत, कैरो, ट्युनिसच्या मित्रांबरोबर तो मोठ्यांसाठी कॉमिक्सचं मासिक काढायचा. पानं उजवीकडून डावीकडे. मी सवयीने उलटी वाचायचो. माझ्या वाचनात मेलेली माणसं शेवटी उठून चहा प्यायची.

"ग्रँड!" तो इथल्या आयरिश लोकांसारखं म्हणायचा. "तुमचा शेवट माझ्यापेक्षा बरा."

एकदा तो अडला. गोष्टीतल्या जुलमी साहेबाला कैरोची बोली दिली तर कैरोवाले चिडणार, बैरुतची दिली तर घरचेच. "अम्मो, याला तुमच्या भाषेत ओरडू दे. कुणाला कळतंय?"

मी चष्मा लावून बसलो. हुकूम काही सुचेना. मनात होतं तेच काटेरी फुग्यात उतरलं: "जावयाची आमटी म्हणजे नुसतं गरम पाणी!"

"काय लिहिलंत?"

"संचारबंदी," मी म्हणालो.

मासिक इंटरनेटवर आलं. अरब वाचकांना साहेब भयंकर वाटला म्हणे. पण ते पान इथल्या मराठी डॉक्टरांच्या ग्रुपवरही फिरलं. लेक फोन घेऊन कुंपणाशी गेली, मी मागोमाग.

"माझ्या नवऱ्याच्या आमटीला नावं ठेवलीत? कुणी लिहिलं हे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यावर बोटाने फुगा काढला आणि थांबला. मी चष्मा पुसायला लागलो.

"सॉरी, डॉक्टर," तो म्हणाला. "मसाल्याच्या पाकिटावरून उतरवलं."

"पाकिटावर असं लिहितात? बाबा?"

"लिहितात काही कंपन्या," मी म्हणालो.

तिला ते पटलं नाही. हा माणूस आमटी पितो, कुणाकडून तरी तिला नावं ठेवून घेतो आणि वर खोटं बोलतो, एवढंच तिने धरलं. आमटीचं भांडं बंद झालं. तरी तो मला पाहून हात हलवायचा.

२०२१ मध्ये तो घर सोडून गेला. जाताना दाराच्या फटीतून एक पान टाकलं. तीन चौकटी: उजवीकडे कुंपणावरून येणारं भांडं, मध्ये मी, डोक्यावर रिकामा फुगा, डावीकडे नुसतं कुंपण. मी माझ्या सवयीने वाचलं. शेवटी भांडं आलं.

आज तो फुगा भरला: "ते मी लिहिलं." पान फ्रिजवर लावलंय. लेक ड्यूटीवरून यायची आहे.