गाडीमागची फळी

माझ्या धाकट्याचं जन्माचं वजन मला आजही ग्रामसकट पाठ आहे. थोरली किती किलोची आहे हे मात्र अकोल्यातल्या एका दुकानात विचारलं गेलं तेव्हा मला सांगता आलं नव्हतं. सुरुवात तिथूनच केलेली बरी, नाहीतर मी स्वतःची बाजू सावरत बसेन. तशी मला सवय आहे.

दुसरं बाळंतपण माझ्या माहेरी, अकोल्याच्या जुन्या शहरात झालं. थोरली तेव्हा पावणेतीन वर्षांची होती. मुलीच्या पाठीवर मुलगा झाला की आमच्या घरी मुलीची पाठ पुजतात. बारशाच्या दिवशी आईनं थोरलीला पाटावर बसवलं, फ्रॉकची मागची बटणं काढली, उघड्या पाठीला हळदकुंकू लावलं आणि गुळाचा खडा पाठीला टेकवून हलकेच फोडला.

"पाहा वं, कशी गुणाची पाठ हाये! भाऊ आनला पोरीनं," आई म्हणाली.

जमलेल्या बायकांनी एकेक करून तिच्या पाठीवरून हात फिरवला, गूळ तोंडात टाकला आणि सगळ्या पाळण्याकडे वळल्या. पोरगी पाटावर तशीच बसून राहिली. तिची बटणं कोणी लावली ते मला आठवत नाही. मी लावली नाहीत एवढं आठवतं. आणि मी अमरावतीच्या शाळेत दरवर्षी 'मुलगा-मुलगी समान' यावर मुलांकडून भाषणं बसवून घेणारी बाई!

त्यानंतर घरी कोणी बाळाला बघायला आलं की थोरली त्यांच्यासमोर जाऊन पाठ करून उभी राहायची. पाठीवरून हात फिरेल म्हणून वाट बघायची. आम्ही पोट धरधरून हसलो. मी तर त्याचा व्हिडिओ काढून नवऱ्याला अमरावतीला पाठवला.

सव्वा महिना झाल्यावर मला परत जायचं होतं. बाबागाडी होती ती थोरलीचीच. बाळ येईपर्यंत ती तिच्यातच फिरायची. "तू आता मोठी झालीस ना, गाडी बाळाला देऊ," असं तिला सांगून आम्ही मोकळे झालो. पण दोघांना घेऊन बाहेर पडायचं कसं, म्हणून मी आठवडाभर मोबाइलवर शोधाशोध केली. गाडीला जोडायच्या दोन वस्तू मिळतात असं कळलं. एक म्हणजे छोट्या चाकांची फळी. ती गाडीच्या मागे अडकवायची आणि मोठ्या पोरानं दांडा धरून तिच्यावर उभं राहायचं. दुसरी म्हणजे छोटी सीट. ती दांड्याच्या आतल्या बाजूला, ढकलणारा आणि बाळ यांच्या मधे बसते. तिच्यात बसलेल्या पोराचं तोंड ढकलणाऱ्याकडे असतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला सायकली, पाळणे आणि बाबागाड्यांचं जुनं दुकान आहे. माझी पहिली सायकल तिथूनच घेतलेली. दुकानाच्या चाचांनी दोन्ही वस्तू मागवून ठेवल्या. मी थोरलीला आणि बाळाला गाडीसकट घेऊन गेले.

"बेटीचं वजन किती?" चाचांनी विचारलं. "फळीले लिमिट असते."

मी अंदाजानं सांगितलं, "तेरा असेल. चौदा?"

"और छोटे का?" चाचा हसत म्हणाले.

त्याचं जन्माचं वजन मी ग्रामसकट सांगितलं. चाचांचं हसू गेलं. त्यांनी थोरलीला उचललं आणि शेजारच्या किराणा दुकानातल्या धान्याच्या काट्यावर उभं केलं. ती अकरा किलो भरली. त्या महिना-सव्वा महिन्यात तिच्या ताटात काय उरतं हे मी पाहिलंच नव्हतं.

चाचांनी आधी सीट जोडून दाखवली. कोणी सांगायच्या आत पोरगी तिच्यात चढून बसली. पाय हलवत माझ्याकडे बघून म्हणाली, "मी हिच्यात."

"बच्ची ने तो पसंद कर ली," चाचा म्हणाले. "बेटी तुमच्या समोर राहीन, ताई. गोष्टी सांगत सांगत जासान."

मी गाडी चार पावलं ढकलली. डोळ्यांसमोर थोरलीचं डोकं होतं आणि त्यामागे बाळ पार झाकलं गेलं होतं. ते दूध फार ओकायचं आणि त्याला ठसका लागेल ही भीती मला सारखी असायची. भीती खरी होती. पण मी ती पोरीला समजावून सांगितली नाही. मी तिच्या डोक्यावरून चाचांशी बोलले.

"नको चाचा. ही मधी आली तर बाळच दिसत नाही. फळी द्या."

"घरी एकदा लावून तर पाहा."

"पाहायचं काय त्यात? मधी येते म्हणते ना मी!"

थोरलीनं सीटचा पट्टा धरून ठेवला होता. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. ती रडली नाही, म्हणून मला वाटलं पटलं तिला.

अमरावतीला आल्यावर आमची संध्याकाळची फेरी सुरू झाली. कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या बाकावर बायका बसलेल्या असतात. फळी बघून त्यांनी कौतुक केलं आणि मीही फुशारकीनं ती जोडायची-काढायची कशी ते दाखवलं. पण दोन दिवसांत थोरलीनं नवीनच खोड काढली. फळीवर उभी राहिली की थोड्या वेळानं गुडघे मुडपून खाली बसायची, मान पार पोटात घालायची. माझे पाय तिला लागायचे, गाडी अडखळायची.

"नीट उभी राह," मी म्हणायची. ती उभी राहायची आणि पुन्हा खाली जायची.

मला वाटलं, भाऊ आल्यावर पोरं हट्टी होतात तशातला हा प्रकार आहे. नवऱ्याला म्हटलं, मुद्दाम करते. आईनं फोनवर विचारलं, "काऊन वं, पोरगी गप गप हाये म्हनते जावई?" तर तिच्यावरच डाफरले की सगळ्यांनी लाडावून ठेवली आहे.

मग एके संध्याकाळी, त्या बाकासमोरच, ती खाली बसली आणि माझा पाय तिच्यात अडकून मी पडता पडता वाचले. गाडीला हिसका बसला, बाळ किंचाळलं. मी तिला दंडाला धरून उठवलं आणि पाठीत धपाटा घातला. जोरात घातला.

"काहून बसते सारखी खाली? पाडते का मले?" रागात माझ्या तोंडून माहेरची बोली बाहेर पडते.

तिनं पाठीकडे हात नेला, पण तो पोचला नाही. मग माझ्याकडे वर बघून, फार समजूतदारपणे तिनं मला सांगितलं, "मी मधी येते ना. खाली बसली का बाळ दिसते तुले."

बायकांपैकी एक जण "अगं बाई गं" म्हणाली. मला तिथं उभं राहवेना. लाज वाटली ती बायकांची नव्हती. त्या कधीच विसरल्या असतील. दोन आठवडे ही पोरगी रोज, न सांगता, माझ्यासाठी स्वतःला लपवत होती आणि मी तिला त्याबद्दल रागवत होते. ज्या पाठीवर आम्ही गूळ फोडला होता, तिच्यावर आता माझी बोटं उठली होती. घरी येऊन मी तिथं खोबरेल तेल लावलं. ती मुकाट्यानं पाठ करून उभी राहिली, पाहुण्यांसमोर राहायची तशी, आणि मग मला त्या व्हिडिओची आठवण झाली. तो मी पुसून टाकला.

पुढच्या रविवारी दोन्ही पोरं आणि घडी घातलेली गाडी घेऊन, बस पकडून अकोला गाठलं. आईलाही न सांगता आधी दुकानात गेले. "चाचा, ती सीट द्या," म्हटलं. बाळ मी पोटाशी बांधून घेतलं होतं, म्हणजे ते दिसण्या न दिसण्याचा प्रश्नच नव्हता. हे मात्र या वेळी मी पोरीला खाली बसून, तिच्या तोंडाकडे बघून सांगितलं. चाचांनी सीट जोडली आणि थोरलीला उचलून तिच्यात ठेवलं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या पोटाशी बांधलेल्या बाळाकडे. मग स्वतःच पट्टा सोडवायला लागली.

"काय झालं बेटा?" चाचांनी विचारलं. "आवडत होती ना तुले?"

"नको," ती म्हणाली. "मी मोठी हाये. मी मधी नाई येत."

चाचांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. माझं ते वाक्य त्यांनीही ऐकलं होतं. मी तरी सीट घेतली. आईच्या घराच्या दारापर्यंत ती रिकामीच ढकलत नेली, आणि थोरली गाडीच्या बाजूनं, मला अजिबात अडचण होणार नाही एवढं अंतर ठेवून चालत आली.