टाक मांडीवर घेऊन महाबळेश्वरला

माझी धाकटी जाऊ महाबळेश्वरला राहते, हे सांगताना आजही माझा आवाज जरा तिखट होतो. आम्ही कुपवाडला पत्र्याच्या घरात घामानं निथळायचं आणि हिनं वेण्णा तलावाकाठी शाल पांघरून फोटो पाठवायचे. दीर तळ्यावर मक्याच्या पॅटिसची गाडी लावतात. कमाई बेताचीच, पण ते तळं माझ्या डोळ्यांत सलायचं. त्यात पाय अधू झाल्यावर सासूबाई, आम्हा दोघींच्या आत्या, हवापालट म्हणून तिकडे गेल्या, त्या तिकडच्याच झाल्या आणि फोनवर उठता-बसता धाकटीचं कौतुक करू लागल्या. माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती, घरचे देव. खंडोबा आणि भवानीचे चांदीचे टाक लग्न झाल्यापासून मीच पुजत आले होते. थोरलीचा मान तो.

चंपाषष्ठी झाली आणि सासूबाईंचा फोन आला, "देव घिऊन ये. आता हितंच ऱ्हाऊ द्यात." मी रडले, नवऱ्याशी भांडले. शेवटी देवानंसुद्धा थंड हवा बघितली, असं वाईटसाईट बोलून गेले. पण सासूबाईंचा शब्द मोडायची छाती झाली नाही.

आमच्यात देव दुसऱ्या घरी नेताना वाटेत कुठं टेकवत नाहीत. टाक तांदळात ठेवून डबा फडक्यात बांधला, साध्या पिशवीत घातला आणि मांडीवर घेऊन बसले. साताऱ्याला बस बदलतानाही पिशवी छातीशीच होती. शेजारच्या बाईनं ती वर ठेवू का विचारलं, तर तिच्यावर खेकसले. तोंडात नाव देवाचं, पण मनात धाकटीला काय काय ऐकवायचं याचीच उजळणी चालली होती.

पसरणीच्या घाटात पोटात ढवळायला लागलं. खिडकी उघडायला हात मोकळा नाही, आणि पिशवी द्यायची कुणाकडे? डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक म्हातारी उठून आली.

"आवं बाई, देव हाईत न्हवं? द्या हिकडं. माज्या मांडीवर काय रडनार हाईत व्हय?"

तिला कसं कळलं, हे मी आजही सांगू शकत नाही. मी दिले. जीव तुटत होता, पण दिले. मला मोकळेपणी ओकता आलं. वळून बघितलं तर तिनं पिशवी कपाळाला लावून पदराखाली घेतली होती. म्हणाली, "एवढं घट्ट धरलं तर ढवळंलच की." पुढे तळ्याच्या थांब्यापर्यंत ते तिच्याच मांडीवर होते. मी डोळे मिटून बसले आणि कित्येक दिवसांनी मला झोप लागली. उतरताना तिनं पिशवी माझ्या हातात दिली. गाव विचारेपर्यंत बस पुढे गेली होती.

दारात धाकटी तांब्या घेऊन उभी होती. देव आणणाऱ्याच्या पायावर पाणी घालतात, तसं तिनं घातलं आणि भाकरतुकडा ओवाळून टाकला. वाकली तेव्हा तिचे हात दिसले, थंडीनं फुटलेले, भेगांतून रक्त आलेलं. फोटोत ते हात शालीत असायचे. सगळी उजळणी विसरून मी एवढंच विचारलं, "देव कशाला मागिवलंस गं?"

"पावसाळ्यात समदं गाव बंद असतंया, ताई. ह्ये खाली कामाला जात्यात. धुकं पार घरात येतंय. आत्या आन मी, दोघीच. लय भ्या वाटतं. म्हनून मीच आत्यांना म्हनलं, देव मागा. तुमाला राग आला आसंल."

"आला," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

सकाळी तिनं पूजा मांडली. टाक पुसताना खंडोबाला उलटा धरला, हळदीआधी कुंकू लावलं. माझे हात शिवशिवत होते. पलंगावरून सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "करू दे तिला. तू बस निवांत."

मी बसले. हातात ना तांब्या, ना फुलं. इतकी वर्षं घासणं, पुसणं, मांडणं यातच माझी पूजा व्हायची, देवाच्या तोंडाकडे निवांत बघणं राहूनच गेलं होतं. मत्सर गेला असं मी म्हणणार नाही, त्या सकाळीही तो माझ्या शेजारीच बसला होता. पण हात रिकामे होते, म्हणून मी ते जोडले.