सासऱ्याक रवलो

पणजोबा बोटीवर खलाशी होते. आजोबा पाळण्यात असताना ते सफरीवर गेले, ते परतलेच नाहीत. पणजीने दुसऱ्यांच्या खळ्यावर भात झोडून आजोबांना वाढवलं. आजोबा मिसरूड फुटायच्या आत मुंबईला येऊन गिरणीत लागले आणि डिलाईल रोडच्या चाळीत आमची खोली झाली.

बोटीवरच्या सोबत्याने गावी येऊन एवढंच सांगितलं होतं म्हणे, "तो सासऱ्याक रवलो." सासऱ्याकडे राहिला. म्हणजे विलायतेत मडम केली, असा गावाने अर्थ लावला. झालं. पणजी मरेपर्यंत कुंकू लावत होती आणि बायका पाठीमागे हसत होत्या. माझ्या लग्नातसुद्धा एका काकांनी पंगतीत विचारलं, "काय गो, विलायतेच्या सासुरवाडीचा कोण येवंक नाय?" बाबा भरल्या पानावरून उठले.

सर्वपित्री अमावास्येला आमच्याकडे सगळ्या पितरांची पानं वाढतात. पणजोबांचं नाही. मेले की जिवंत, तेच आजोबांच्या वेळी ठाऊक नव्हतं, आणि पुढे तीच रीत राहिली. बाबांना ते सलायचं.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. सांगते, लपवू कशाला? परळला, गिरणी पाडून उभ्या केलेल्या टॉवरमध्ये नोकरी करते. गेल्या वर्षी कामाच्या फोनवर एका गोऱ्या साहेबाला सहज विचारलं, तुम्ही मूळचे कुठले? ससेक्सचा, म्हणाला. मी मनातल्या मनात त्या नावाला मालवणी शेपूट लावलं, ससेक्साक, आणि अंगावर काटा आला. लगेच घरी फोन.

"बाबा, सासऱ्याक नाय. ससेक्साक. इंग्लंडमधला मुलूख आहे तो."

बाबांनी ते नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग म्हणाले, "शोध गो बाय."

तिथे लग्न-मरणाच्या नोंदी चर्चमध्ये असतात, म्हणून किनाऱ्यालगतच्या खेड्यांतल्या चर्चना मी मेल टाकत सुटले. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एका खेड्यात चर्चची देखभाल करणाऱ्या बाईंनी मात्र फोटो पाठवला. गवतात कललेला दगड. त्यावर पणजोबांचं नाव, पुढे आमच्या गावाचं, स्पेलिंग हसू यावं असं वाकडं, पण गाव आमचंच. हिंदी खलाशी, तापाने गेला. साल आजोबांच्या जन्माचं. सासरा नाही, मडम नाही. आजारी माणसाला तिथे उतरवून बोट निघून गेली होती, असं बाईंनी चर्चच्या वहीत पाहून कळवलं. मी ऑफिसच्या पॅसेजमध्ये चक्क नाचले.

बाबांनी फोटो मोठा करकरून पाहिला. मग माझ्या लग्नातल्या त्याच काकांना फोन लावला. "सर्वपित्रीक जेवंक ये. माझ्या आजाचां पान वाढतंव."

काका आले. यंदा आमच्या घरात पहिलं पान पणजोबांचं वाढलं.