लीलाधरची मोटार आणि साबणाची वडी

भडगावहून कजगाव स्टेशनला माणसं पोचवणारी लीलाधरची मोटार एका कापूस व्यापाऱ्याने वापरून वापरून टाकलेली होती. टप ताडपत्रीचं, दरवाजे दोरीने बांधलेले. तरी लीलाधर रोज सकाळी तिला असा पुसायचा, जणू पोळ्याचा बैलच.

तिला खोड एकच. पुढच्या बाकाखालच्या टाकीतून तांब्याची नळी जिथे निघायची, तिथला सांधा झिजला होता आणि त्यातून पेट्रोल थेंब थेंब गळायचं. लीलाधरने त्यावर साबण शोधून काढला होता. वडीचा तुकडा ओला करून सांध्यावर थापला, की दोन फेऱ्या निघायच्या. घरातला साबण कुठे जातो, हे प्रमिलाबाईला, त्याच्या बायकोला, कळेनासं झालं होतं.

उतारू नाक मुरडायचे. लीलाधर सांगायचा, "मोटारचा वास असाच असतो."

हे फक्त तानुबाई ऐकून घेत नसे. ती सुईण. गावोगावची बाळंतपणं करत फिरायची, म्हणून मोटारीत तिची जागा ठरलेली. ती खाली वाकून पाहायची आणि भर चौकात म्हणायची, "लीलाधर, तुन्ही मोटार मुती ऱ्हायनी रे!" लोक हसायचे. लीलाधर कानापर्यंत लाल व्हायचा आणि आणखी साबण थापायचा.

सदतीस सालच्या वैशाखात एक वऱ्हाड गाडी गाठायला निघालं. बाशिंग बांधलेला नवरदेव, त्याचे मामा उखर्डू, आठ-दहा पाहुणे आणि कोपऱ्यात तानुबाई. ऊन असं, की साबण भेगाळला आणि धक्क्याधक्क्याने गळून पडला. चढावर मोटार दोन आचके देऊन थांबली.

लीलाधर खाली शिरला. तिथल्या अंधारात सांधा दिसेना. तो चाचपडत होता. खालची धूळ भिजली होती. उखर्डूमामांना वाटलं, बिचाऱ्याला मदत करावी. ते प्रेमाने वाकले.

"थांब भाऊ, मी उजेड करस," म्हणाले आणि त्यांनी काडी ओढली.

तानुबाईने त्यांच्या हातावर फटका मारला, पण उशीर झाला होता. काडी धुळीत पडली आणि भक्कन जाळ उठला. लीलाधर खेकड्यासारखा बाहेर आला.

"बठ्ठा उतरा!" तानुबाई ओरडली. वऱ्हाड उड्या मारून रस्त्यावर. लीलाधरने पाण्याची घागर उचलली, तेवढ्यात तिने त्याचं मनगट धरलं. "पानी नको! माटी टाका, माटी!" घरात एकदा रॉकेलची चिमणी कलंडली, तेव्हा पाण्याने आग जमिनीभर पसरलेली तिने पाहिली होती.

मग नवरदेवासकट सगळे ओंजळीओंजळीने माती फेकू लागले. बाक जळाला, टप अर्धं गेलं, पण आग विझली. माणसाला खरचटलंसुद्धा नाही. उखर्डूमामांच्या मिशीची डावी बाजू तेवढी गेली. वऱ्हाड बैलगाड्यांनी स्टेशनला पोचलं आणि पुढच्या गाडीने जाऊन लग्न लागलं.

लीलाधर मात्र बांधावर बसून राहिला. तानुबाई जवळ येताच तो म्हणाला, "अक्का, मन्हामुये आज बठ्ठासना जीव जाता."

"साबन आंग धवाले ऱ्हास, मोटारले नही," तानुबाई म्हणाली आणि घागरीतलं पाणी तिने त्यालाच पाजलं.

दुसऱ्या दिवशी तो जळगावला गेला आणि नवी नळी घेऊन आला. टाकी डाग देऊन सांधायला तांबटाकडे नेली, तर तांबट म्हणाला, "आधी रिकामी कर, पाण्याने धू, चार दिवस उन्हात ठेव. त्याशिवाय मी भट्टीजवळ घेणार नाही." लीलाधरने आठ दिवस ठेवली.

त्यानंतर मोटार सुटण्याआधी तो टोपली घेऊन फिरे. काड्यापेट्या, विड्या, चिलमी सगळं टोपलीत. स्टेशनवर परत मिळे. कुरकुर व्हायची, पण बहुतेक जण देत. एकदा एक जमादार अडून बसले. सरकारी माणसाची काडीपेटी मागतोस म्हणून गरजले. लीलाधरने हात जोडले आणि मोटार सुरूच केली नाही. शेवटी जमादार तणतणत उतरले आणि काडीपेटी खिशात घट्ट धरून कजगावकडे पायी निघाले. लीलाधर पुष्कळ वेळ त्यांच्या मागून हळूहळू मोटार हाकत राहिला. पुढे जाऊन साहेबांच्या अंगावर धूळ उडवणं त्याला बरं वाटेना.